अपिलाची परवानगी

१२ जून, गुरुवार

शाळेला निघायच्या गडबडीत दारात बेलिफ. चिखलाचे पाय न पुसता सरळ आत. हातात ताब्याची नोटीस. नाव दादाचं, पत्ता आमचा.

"ते पुण्याला असतात," मी म्हटलं.

"मग तुम्ही कोण?"

"बहीण. मी इथं राहते. आई राहते."

कागद खालीवर बघितला. "तुमचं नाव नाही यात." आणि वर, "खाली मात्र करावं लागेल, सांगून ठेवा त्यांना." एक प्रत दाराला डकवली आणि गेला. म्हणजे राहणार आम्ही, उठणार आम्ही, आणि कागदावर तो, जो दिवाळीपुरता दोन दिवस येतो आणि गादी टोचते म्हणतो.

आईनं आतून विचारलं, "कोण आलं व्हतं गं?" लाईटवाला म्हणून सांगितलं. तिला दिसत नाही त्यामुळे खोटं बोलणं फार सोपं जातं. त्याचाच राग आला. शाळेत दिवसभर पोरांवर काढला.

संध्याकाळी दाराचा कागद ओल्या फडक्यानं सोलून काढला.

१४ जून, शनिवार

दादा फोन घेईना. "मीटिंगमध्ये आहे." शनिवारी. शेवटी वहिनीच्या फोनवर लावला, तेव्हा सापडला.

तर ऐका. घराचा दावा आपण हरलो. कधी? फेब्रुवारीत. आता जून. "तुला उगाच टेन्शन नको म्हणून बोललो नाही." बरं, अपील? नाही केलं. का?

मग थोडं थोडं करत बाहेर आलं. बाळूच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बाळू म्हणजे काकांचा मुलगा, ज्यानं दावा लावला तोच. तो स्वतः पुण्याला गेला, दादाच्या पाया पडला, मटणाचं जेवण झालं, "लग्नाआधी भाऊबंदकी मिटवू" असं दोघांचं ठरलं. आणि दादानं कोर्टात पुरसीस दिली. पुरसीस म्हणजे अर्ध्या कागदावर चार ओळी: निकाल मान्य आहे, अपील करायचं नाही, ताबा देतो. खाली सही. मिटली भाऊबंदकी.

मे महिन्यातलं ते लग्न आठवलं. मंचावर बोलावून दादाला निळा फेटा बांधला, 'थोरले चुलते' म्हणून. मी खाली खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते. आई विचारत होती, "कोणाचा सत्कार चाललाय?" "आपल्या दादाचा," मी अभिमानानं सांगितलं. आमचं घर देऊन बांधून घेतलेला फेटा. शिसारी आली, खरोखर.

"आम्हाला विचारलं का नाहीस?"

"बहिणीला आणि म्हातारीला कोर्टात ओढू का आता? आपल्यात हे असलं नाही."

आपल्यात. दर जयंतीला माइक धरून समतेवर बोलणारा माणूस हा.

१५ जून, रविवार

डोकं ठिकाणावर नाही. सगळं एकदा ओळीनं लिहून काढते, म्हणजे वकिलापुढे बरळणार नाही.

प्लॉट बाबा आणि काका दोघांनी मिळून घेतला. कागद थोरल्याच्या, म्हणजे काकांच्या नावावर. धाकट्यानं 'माझंही नाव घाला' म्हणणं म्हणजे भावावर अविश्वास दाखवणं, म्हणून बाबा बोलले नाहीत. घर मात्र बाबांनी बांधलं. छापखान्यातून सुटून आले की स्वतः विटा भिजवायचे. काका होते तोवर कधी शब्द नाही. काका गेले, बाबा गेले, आणि बाळूला कळलं की आम्ही इथं 'नुसते राहायला' होतो. त्याला इथं बिल्डिंग उठवायचीय.

दावा लावला एकट्या दादावर, कारण घरपट्टी त्याच्या नावावर. बाबांच्या मागे बायको आहे, मुलगी आहे, ती संसार मोडून निफाडहून परत आली ती इथंच राहते, हे बाळूनं कोर्टाला सांगितलं नाही. दादानंही सांगितलं नाही. ते त्याला आमच्या मानाचं वाटलं.

आणि आई. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. पण या घरात तिला काठी लागत नाही. चहा स्वतः करते, कूट करते, मागच्या दारी जाऊन तुळशीची पानं तोडून आणते. दादाकडे महिनाभर ठेवली होती, तर पलंगावरून खाली पाय टाकायची तिला भीती वाटायची. संडासला जायलाही हाक मारायची, आणि हाक मारायची लाज वाटते म्हणून पाणी पिणं सोडलं. परत आणली तेव्हा अर्धी झाली होती. हे घर गेलं की आई कायमची पलंगाला खिळणार. बाकीचं मी सहन करीन, हे नाही.

१९ जून, गुरुवार

सीबीएस बसस्टँडजवळ भामरे वकीलबाईंकडे गेले. (यापुढे व.बा. हात दुखतो.) सटाण्याकडच्या. मध्येच घरचा फोन आला तर अहिराणीत फटाफट बोलल्या आणि परत माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, "हं, पुढे?"

म्हणाल्या, भावानं अपील केलं असतं तर सोपं होतं. आता त्यांनी पुरसीस दिलीय, त्यांचा हात बांधला गेला. तुम्ही दाव्यात नव्हता. जो दाव्यात नव्हता त्याला थेट अपील करता येत नाही. आधी वरच्या कोर्टाची परवानगी मागायची: निकालानं माझं नुकसान होतंय, मला अपील करू द्या. ती मिळाली तर अपील.

"आणि माझं घर आहे हे कधी सांगायचं?"

"अपिलात. परवानगी मिळाल्यावर."

मग विचारलं, "आई आहेत ना? त्यांचंही नाव घालू." मी नको म्हटलं. ऐंशीची बाई, दिसत नाही, कशाला तिच्या जिवाला घोर. तिला काही माहीत नाही आणि होऊही द्यायचं नाही. व.बा.नी लिहिता लिहिता हात थांबवला, माझ्याकडे बघितलं, परत लिहायला लागल्या.

२९ जून, रविवार

पुण्याला जाऊन आले. एकच मागणं होतं: दादानं प्रतिज्ञापत्र द्यावं की दावा मी माझ्यापुरता लढवला, बहिणीला विचारलं नव्हतं. खरं तेच लिहायचं होतं.

"म्हणजे कोर्टात मी सांगू, मी चुकलो?"

"चुकलास असं नको लिहू. विचारलं नाही एवढंच लिही."

"बाळूला शब्द दिलाय मी."

आम्हाला काय दिलं होतंस, विचारलं. त्यावर म्हणाला, तुम्ही दोघी इकडे या राहायला, माझं मन मोठं आहे. वहिनी पोहे घेऊन आल्या. मोठ्या मनाच्या त्या माणसाच्या घरात आईनं पाणी पिणं सोडलं होतं, ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. पोहे खाल्ले नाहीत. भूक लागली होती तरी.

येताना द्वारका चौकात बस अडकली ती अडकलीच. कुंभाच्या नावानं सगळं खणून ठेवलंय.

७ जुलै, सोमवार

अर्ज दाखल. तीन अर्ज एकदम: परवानगी द्या, उशीर माफ करा, तोवर ताबा थांबवा. अपिलाची प्रत सोबत जोडलीय, पण तिला नंबर नाही. परवानगी मिळाली तर पडेल.

शाळेत पाटील सरांनी विचारलं, "काय मॅडम, केस कुठवर आली?" म्हटलं, केस नाही हो, केस करू का असं विचारायला गेले होते. हसले. त्यांना तो विनोद वाटला.

२३ जुलै, बुधवार

आज सुनावणी. मला वाटलं घराचं निघेल. निघाला डबा.

बाळूचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, अर्जदार बाईंना दावा पहिल्या दिवसापासून माहीत होता. तारखेला त्या भावासोबत कोर्टात असायच्या. बाहेर बाकावर बसायच्या, डबा घेऊन. मग तेव्हाच पक्षकार व्हायचा अर्ज का केला नाही? आता निकाल विरुद्ध गेल्यावर जाग आली का?

खरंय. असायचे मी. दादा पहाटेच्या गाडीनं उपाशी यायचा, म्हणून बाजरीची भाकरी, ठेचा, मेथी. आत काय चाललंय हे विचारलं तर "तू नको पडू यात" म्हणायचा, आणि भाकरी मात्र मागून घ्यायचा. ही हजेरी बाळूनं डोळ्यांनी बघून ठेवली होती. त्यालाही एकदा भाकरी दिली होती मी, म्हटलं भांडण आपल्या जागी. आता वाटतं घास काढून घ्यावा.

व.बा. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, माहीत असणं वेगळं आणि ऐकून घेतलं जाणं वेगळं. बाकावर बसलेल्या माणसाचं म्हणणं नोंदवलं जात नाही. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये तोच बाक. बसले नाही. उभी राहिले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नामंजूर.

व.बा.नी वाचून दाखवलं. भावानं दावा शेवटपर्यंत लढवला. त्यानं कुटुंबाच्या वतीनं बाजू मांडली असं धरावं लागेल. अर्जदाराचं हित त्याच्याहून वेगळं नाही. दाव्याची माहिती असूनही त्या गप्प राहिल्या. सबब अपिलाची परवानगी नाकारण्यात येते. परवानगी नाही म्हणून अपील नाही, अपील नाही म्हणून स्थगिती नाही. सगळं एकाच पानात उरकलं.

दादा म्हणतो, तुला यात ओढलं नाही. कोर्ट म्हणतं, तू त्याच्यातच होतीस. घरी येऊन मी हुकूम नुसता वाचत बसले. आई भाजी निवडत होती, म्हणाली, "आज गप का गं?" डोकं दुखतंय म्हटलं. तर बाम घेऊन आली, कपाटातून, चाचपडत नाही, सरळ.

२१ ऑगस्ट, गुरुवार

व.बा.कडे तासभर. आता पुढे काय? मी सरळ विचारलं, या नकारावर अपील करू?

"होत नाही."

"का?"

"कोणकोणत्या हुकमांवर अपील होतं हे कायद्यात ठरलेलं आहे. त्यात हा बसत नाही. बरं, दुसरं अपील म्हणावं, तर पहिलं दाखलच झालेलं नाही."

"म्हणजे अपील करू नको म्हणाले, त्याविरुद्ध अपील नाही."

"नाही. हायकोर्टात रिट करता येईल. खालच्या कोर्टांवर देखरेख ठेवायचा त्यांना अधिकार आहे, त्याखाली."

"तिथं घराचं बघतील?"

"नाही हो. तिथं एवढंच बघतील, की परवानगी नाकारताना इथल्या कोर्टानं आपला अधिकार नीट वापरला की नाही."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं, न चिडता. पहिल्या कोर्टानं मला विचारलं नाही. दुसरं म्हणालं, हिला विचारायची गरज नाही. आता तिसरं बघणार, की गरज नाही म्हणायचा दुसऱ्याला अधिकार होता का. घर यात कुठंच नाही. बाबांनी भिजवलेल्या विटा नाहीत, आई नाही. आम्ही घराबद्दल भांडतोय असं फक्त आम्हालाच वाटतंय.

चीड नाही, किळस आली. कुणा एकाची नाही. व.बा.ची तर नाहीच. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "ताई, मलाही पहिल्यांदा शिकताना असंच वाटलं होतं." चहा मागवला. प्यायले आणि सही केली वकीलपत्रावर.

११ सप्टेंबर, गुरुवार

मुंबई. आईला सांगितलं, शाळेचं प्रशिक्षण आहे. दिवसभर हायकोर्टात. बोर्डावर आमचा नंबर खाली, खूप खाली. संध्याकाळपर्यंत लागलाच नाही.

बाळू आलेला. पांढरा शर्ट, सोबत मोठा वकील. माझ्याकडे येऊन म्हणतो, "नंदाताई, चहा घेतेस का? आपलं भांडण कोर्टात, घरात नाही."

"घरातच आहे रे. घराचंच आहे."

हसला. काकी बऱ्या आहेत का, विचारलं. काकी म्हणजे माझी आई, जिला तो उठवणार आहे. चोर तो चोर वर शिरजोर तरी परवडतो, हा चोर वर आपुलकीनं विचारपूस करतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज नंबर लागला. जेमतेम चहा पिऊन होईल एवढा वेळ.

मोठ्या वकिलानं घराला, निकालाला, कशालाच हात लावला नाही. म्हणाला, ही याचिकाच चालत नाही. परवानगी देणं न देणं हे खालच्या कोर्टानं ठरवायचं. दिली नाही, विषय संपला. त्या नकाराची तपासणी वर होऊ लागली तर परवानगीची अट ठेवली कशाला? प्रत्येक नकारावर एक नवं अपीलच उभं राहील.

ऐकायला इतकं नीट की मलाच क्षणभर पटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

व.बा. म्हणाल्या, नकार कधीच तपासायचा नसेल तर चुकीच्या नकाराचं काय? ज्याला ऐकलंच नाही त्यानं जायचं कुठं?

न्यायमूर्ती म्हणाले, आधी हाच मुद्दा ठरवू: याचिका ऐकता येते की नाही. दोन्ही बाजूंनी लेखी द्या. तोवर 'जैसे थे'. पुढची तारीख २६ नोव्हेंबर.

व.बा. खूश. "जैसे थे मिळाला, ताई. बेलिफ येत नाही आता." मलाही आनंद व्हायला हवा होता. गाडीत बसून हिशेब लावत होते: परवानगी नाकारली, ती नाकारता येते का हे बघायचंय, आणि ते बघता येतं का हे आता बघणार. इगतपुरी येईपर्यंत डोकं उठलं. शेजारची बाई भेळ खात होती, तिनं थोडी दिली. ती भेळ तेवढी चांगली होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. हे सण बाबांनी घरातून कधीच काढले, आमच्याकडे ओवाळणं नाही. तरी दादा बरोब्बर या दिवशी येतो, सुट्टी असते म्हणून. साडी, मिठाईचा बॉक्स. साडी मोरपंखी. मी घेतली नाही, टेबलावर ठेवायला सांगितलं.

खरं काम आईला न्यायचं होतं. दारात मला हळूच म्हणाला, "उद्या जैसे थे उठला तर? तिच्यासमोर सामान बाहेर काढतील. मी घेऊन जातो." मग आईजवळ बसला आणि म्हणतो, "आई, थोडे दिवस पुण्याला चल. इथं रंगकाम काढायचंय."

मी लाईटवाला काढला, यानं रंगकाम काढलं. एकाच आईची पोरं.

आई दाणे सोलत होती. हात थांबवले. "कोणता रंग?"

दादा गडबडला. "पांढरा."

"घर कोणाच्या हातात चाललंय ते सांग आधी. रंगाचं मग बघू."

दादा मिठाईचा बॉक्स उघडायला लागला. तर तीच म्हणाली, "पावसाच्या सुरवातीला दाराला कागद लावला व्हता. मी हातानं चाचपला. लाईटबिल दाराला कोणी डकवत नाय. नंतर तो कागद गेला, म्हणलं सांगल ही आज, सांगल उद्या. दिवाळी आली."

"आई, तुला त्रास नको म्हणून..." दादानं सुरू केलं. मीही नेमकं हेच म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

"तू तुझं ठरवलं. हिनं हिचं ठरवलं. मी काय भांडं हाय का या घरातलं? इथून उचललं, तिथं ठेवलं."

मग सगळं सांगितलं. पुरसीस, फेटा, परवानगी, मुंबई. दादा खाली मान घालून. आईनं पूर्ण ऐकलं आणि एकच विचारलं.

"कोर्टाच्या कागदात माझं नाव हाय का कुठं?"

"नाही."

"त्याच्यात नाय ते समजलं. हिच्यात?"

म्हणजे माझ्यात. माझ्या अर्जात. मी नाही म्हटलं. "का नाय?" म्हणाली. जूनमध्ये व.बा.नी पेन का थांबवलं होतं ते आज कळलं. मी दादाला इतके महिने ज्यावरून शिव्या देतेय, तेच मी आईला केलं, आणि वर स्वतःला तिची कैवारी समजत होते. तिच्यापुढचे दाणे ओढून सोलायला लागले.

दादा न जेवता गेला. आईनं जेव म्हटलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कोर्टाला सुट्टी, म्हणून व.बा. घरीच आल्या. आईसमोर पाटावर बसल्या. म्हणाल्या, आई पहिल्या वारस. त्या दाव्यात नव्हत्या, बाकावरही नव्हत्या. त्यांचा स्वतंत्र परवानगी अर्ज करू. मुंबईचं मुंबईत चालू दे.

"आजी, दाव्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"कळलं परवा. वास आधीपासून येत व्हता."

मी घाबरले. म्हटलं, वासाचं नका घालू, ते म्हणतील हिलाही माहीत होतं. व.बा. म्हणाल्या, "जसं आहे तसंच घालायचं. संशय होता, कोणी सांगितलं नाही. आजी, चालेल?"

"खरं हाय ते चालंल."

अंगठा नाही, सहीच करणार म्हणाली. केली, ओळीच्या बरीच खाली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आईचा अर्ज दाखल. प्रतिज्ञापत्रासाठी तिला रिक्षातून नेलं. आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे ती जन्मभर आम्हाला सांगत आली. आज चढताना म्हणाली, "पायऱ्या रुंद हायत. बऱ्या हायत." अधिकाऱ्यानं विचारलं, मजकूर समजलाय का? "दोनदा वाचून घेतलाय," म्हणाली.

संध्याकाळी दादाचा फोन. "म्हातारीला कोर्टात नेलंस? लाज वाटत नाही?"

"तिला विचारून नेलं."

त्यानं फोन ठेवून दिला. मला बरं वाटलं, पण फार वेळ टिकलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आईच्या अर्जाची सुनावणी. रागानं दोन पानं फाडली, मग हे लिहायला घेतलं.

बाळूच्या वकिलानं उभं राहून पहिलंच वाक्य टाकलं: "एकेक बाई येतेय साहेब. आधी मुलगी आली, आता आई. असं चाललं तर निकालाला अर्थ काय?" मागे दोघेतिघे हसले.

आणि मग प्रतिज्ञापत्र दिलं. कोणाचं? दादाचं. 'आईच्या संमतीनेच मी तिच्या वतीने दावा लढवला.' मला दोन ओळी लिहून देताना ज्याचा शब्द आड आला होता, त्यानं बाळूला पानभर लिहून दिलं. स्वतः हजरही होता, शेवटच्या रांगेत. माझ्याकडे बघेना. भाऊ म्हणून आजवर जे काही उरलं होतं त्याचा वीट आला.

व.बा. बोलल्या. न्यायाधीशांनी ऐकलं, मग चष्मा काढून सरळ आईकडे बघितलं. "आजी, मुलगा तुमच्या वतीनं दावा चालवत होता. तुम्हाला ते मान्य होतं का?"

मी आईचा दंड धरून उभी. ती म्हणाली, "त्यो इथं हाय का?"

"आहेत."

"मग त्यालाच इचारा, त्यानं मला इचारलं व्हतं का."

न्यायाधीशांनी दादाकडे बघितलं. दादा उठला, "घरातलं... म्हणजे तसं..." एवढंच आलं. बाळूचा वकील घाईनं म्हणाला, साहेब, प्रतिज्ञापत्रावर सगळं आहे.

आई थांबलेली नव्हती. "माझ्या ह्या लेकीनं बी नाय इचारलं. पुतण्यानं नाय. इतकी वर्सं मी त्याच घरात हाय, कुठं गेले नाय. मला इचारणारे तुम्हीच पयले."

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. हुकमासाठी ९ डिसेंबर. चेहऱ्यावरून काही कळत नाही. व.बा.नासुद्धा कळलं नाही. म्हणाल्या, नाकारली तर परत तीच वाट, रिट, मुंबई.

पॅसेजमधून दादा आमच्या बाजूनं गेला. आईला पाऊल ओळखू येतं. ती थांबली, तो थांबला नाही.

उद्या हायकोर्टात माझी तारीख. 'जैसे थे' उद्यापर्यंतच. याचिका ऐकता येते का ते उद्या ठरेल, किंवा पुढं ढकललं जाईल, किंवा नाही म्हणतील आणि आईच्या हुकमाआधीच बेलिफ दारात येईल. यातलं काहीही होऊ शकतं, व.बा. खोटी आशा दाखवत नाहीत.

पिशवी भरताना आईला विचारलं, "तुला यायचंय का उद्या?"

तिनं पिशवी चाचपली. मग म्हणाली, "गाडी किती वाजता हाय ते बघ आधी. मग सांगते."

पहाटेची आहे. सांगितलं तिला. ठरवतेय ती अजून.